अक्षरामागे दोन पेन्स

लेडी ऑनोरियानं कागद पाठवलाय, काळ्या कडेचा.
भावाचं आयुष्य तिनं सत्तावीस ओळींत घातलंय,
दगड साडेतीन फुटांचा.
मी जोसाया टिब्ब, हॅल्डनमिअरचा पाथरवट,
अक्षरामागे दोन पेन्स घेतो,
स्वल्पविराम फुकट.

'ऑगस्टस पेव्हरिल, तिसरे अर्ल.'
हे ठीक. नाव खोल कोरायचं,
शेवाळ आधी नावावरच चढतं.

'बाविसाव्या वर्षी पार्लमेंटवर निवडून आले.'
आले खरे. मतदार अकरा.
चौघं त्यांच्या वडिलांची कुळं, दोघं मामेभाऊ,
एक आमचा खाटीक. त्याच्याकडून त्या दिवशी
वाड्यानं अख्खी मेंढी विकत घेतली
आणि त्यालाच भेट दिली.
उरलेल्यांनी भिंतीकडे तोंड करून बिअर प्यायली.
कागदावर शब्द आहे : एकमतानं.
कोरला.

'ओसाड दलदलीचं सोनं केलं.'

इथं टाकी जरा थांबते.
दलदल म्हणजे आमचं गायरान.
लव्हाळे, बदकं, थंडीत गुडघाभर धुकं,
आणि वाम.
बाप माझा विलोच्या फोकांचे सापळे विणायचा,
पहाटे काढायचा, आत काळं पाणी वळवळत असायचं.
मग लंडनहून कायदा आला, मागोमाग वाफेचे पंप,
दोन्हींवर हेच नाव.
पाणी गेलं. जमीन वीत वीत खचत राहिली,
चर्चला खाली तीन पायऱ्या जोडाव्या लागल्या
(त्या मीच बसवल्या, पैसे वेळेवर मिळाले).
बाप त्याच जमिनीत रोजानं बटाटे खणायचा.
कधी कधी खणता खणता थांबायचा,
मातीला कान लावल्यासारखा.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात.
इथं घाव दगडाला,
देवपण भलत्यालाच.

'त्यांच्या वक्तृत्वानं सभागृह भारावून जाई.'
हे मात्र मला ठाऊक आहे.
चौदा वर्षांचा होतो, त्यांच्या बागेत
फुटका कठडा सांधत होतो पालथा पडून.
ते आले. धूपघड्याळासमोर उभे राहिले,
मोरांना उद्देशून म्हणाले : म... म... म...
मान्यवर हा शब्द काही केल्या बाहेर पडेना.
घसा लाल. मुठी आवळलेल्या.
मोर निघून गेले. मी दिसलो.
मी हसलो नाही. त्यांनी खिशातून संत्रं काढलं,
माझ्याकडे फेकलं, आणि पुन्हा सुरुवात केली.
आयुष्यातलं माझं पहिलं संत्रं. सालीसकट खाल्लं.

चौतीस वर्षांत ते सभागृहात एकदाच बोलले,
नऊ मिनिटं, असं त्यांचा कोचवान सांगायचा.
गिरणीतल्या पोरांचे तास कमी करा, एवढंच.
समोरचे हसले, बाजूचेही हसले,
घरी येताना गाडीत ते गप्प होते
आणि त्या नाताळात वाड्यावर
मेव्हण्यांपैकी कुणीच फिरकलं नाही.
ती ओळ कागदावर होती. नीट दिसते अजून,
वरून दुसऱ्या शाईनं आडवी रेघ.

रेघ मारलेल्या अक्षरांचे पैसे मला कोण देणार?
नाही कोरली.

सत्तावीसातल्या नऊ ओळी उरल्या.
भोवती लॉरेलच्या पानांची महिरप, ठरल्याप्रमाणे.
डावीकडे खाली, जिथं मेणबत्तीचा उजेड पोचत नाही,
एक पान जरा लांबलंय, जरा वळलंय,
त्याला डोळा आहे.
बोटानं चाचपलं तरच कळेल.

आणि नावाच्या आधी
अर्ध्या बोटाची जागा मोकळी सोडली.
रेव्हरंड स्केल्टन फूटपट्टी घेऊन आले,
म्हणाले, ओळ सरळ सुरू होत नाही, टिब्ब.
मी म्हटलं, त्यांचीही व्हायची नाही.
मग म्हटलं, दगडातच गाठ होती, महाराज,
आणि टोपी घालून
पायऱ्या उतरलो. जुन्या, आणि त्याखालच्या तीन.